माल दुसऱ्याचा

कुंटेमॅडम रस्त्यात भेटल्या तर ओळख दाखवायच्या नाहीत. आमच्याकडे नव्याने लागलेल्या प्रत्येकाला ते एकदा तरी टोचायचंच. मलाही टोचलं. नोकरी नवीन होती, कोथरूडच्या भाजी मंडईत त्या समोरून आल्या, हातात पालकाची जुडी. मी तोंडभर हसले. त्यांनी भाजीवाल्याच्या काट्याकडे बघावं तसं माझ्याकडे बघितलं आणि कोथिंबिरीकडे वळल्या.

दुसऱ्या दिवशी मी फुगूनच ऑफिसात गेले. त्यांनीच विषय काढला.

"काल गळ्यात काय होतं तुमच्या?"

"ओळखपत्र. काढायचं राहिलं."

"त्यावर आपल्या केंद्राचं नाव मोठ्या अक्षरांत आहे. मी तुमच्याकडे बघून हसले असते, तर मंडईतल्या चार बायकांना कळलं असतं की पालक घेणाऱ्या या बाईंचा त्या केंद्राशी काहीतरी संबंध आहे. आता मी तिथे कामाला आहे की उपचाराला, हे काही माझ्या कपाळावर लिहिलेलं नाही."

"पण तुम्ही तर कामाला आहात."

"मी आहे. सवय मात्र सगळ्यांसाठी एकच ठेवायची. ओळख समोरच्याने आधी दाखवायची, हक्क त्याचा. आणि गळ्यात ती पाटी असेल तर कुणीच नाही."

आमचं केंद्र म्हणजे मानसोपचार आणि समुपदेशनाचं. कोथरूडात मुख्य शाखा, गावात आणखी दोन. नाव लिहीत नाही. इथे येणारी माणसं डॉक्टरांना जे सांगतात ते नवऱ्याला, आईला, देवालाही सांगितलेलं नसतं, आणि ते सगळं संगणकात टाइप होऊन बसतं. ते नीट राखलं जातंय का, त्याबद्दलचे कायदे पाळले जातायत का, हे बघणं कुंटेमॅडमचं काम. शिकलेल्या वकील, पंधरा-वीस वर्षं कोर्टात काढून इकडे आलेल्या. सगळे त्यांना 'कंप्लायन्स' म्हणायचे, त्या समोर नसताना. मी, कोमल, त्यांची सहायक.

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. हे मी कुठेही सांगते, कारण सांगण्यासारखं आहे. मुलाखतीत मॅडमनी माझे मार्क बघितले, कागद पालथा ठेवला आणि विचारलं, "वडील काय करतात?"

"मार्केट यार्डात हमाल आहेत. भुसार बाजारात."

या उत्तरानंतर लोकांचा चेहरा कसा मऊ होतो ते मला पाठ आहे. यांचा झाला नाही.

"पोत्यात काय आहे ते उघडून बघतात?"

"नाही. बघून काय करायचंय? माल दुसऱ्याचा."

"आणि वाटेत पोतं फुटलं तर?"

"तिथंच उभं राहायचं. मालकाला हाक मारायची. तो येईपर्यंत सांडलेल्याला हात पण लावायचा नाही, नाहीतर म्हणतात, यानंच काढलं."

मॅडमनी चष्मा पुसला. "बरं झालं. तुम्हाला हा कायदा शिकवायला मला फारसा वेळ लागणार नाही."

त्या सगळ्यांना 'तुम्ही' म्हणायच्या. मला, शिपायाला, चहा आणणाऱ्याला. 'आपण' मात्र जपून वापरायच्या. कुंटेमॅडम तुम्हाला 'आपण' म्हणाल्या की समजायचं, आज काही खरं नाही.

सकाळी आल्या की पर्स ठेवायच्या आधी त्या पूर्ण मजल्याला एक फेरी मारायच्या आणि मॉनिटरवर चिकटवलेले पासवर्डचे कागद काढून घ्यायच्या. ओरडायच्या नाहीत. एकदा दुपारी जेवताना सगळ्यांदेखत आमच्या प्रशासकांना म्हणाल्या, "देशमुख, तुमच्या कुत्र्याचं नाव मोती आणि मुलगी चौदा ऑगस्टची. केक आणायचा का?" देशमुखांचा घास घशात अडकला. पुढचे दोन महिने मजल्यावर एकही कागद दिसला नाही. मग परत दिसायला लागले, कारण आपण माणसं आहोत.

पाणी प्यायला उठायच्या तरी स्क्रीन बंद करून उठायच्या. कुणाच्या टेबलाजवळून जाताना वर रुग्णाचा कागद दिसला की न बघता बोटाने पालथा करायच्या, जाता जाता, एखाद्याने उघडा नळ बंद करावा तसा. आणि इतक्या वर्षांत त्यांनी एकाही रुग्णाची फाइल उघडून वाचली नव्हती. त्यांच्याकडे अधिकार होते. गरज पडली की त्या यादीतून नाव, नंबर बघायच्या. त्याच्या पुढे नाही.

घरचा एक किस्सा त्यांनीच मला सांगितला होता. त्यांच्या सख्ख्या जाऊबाई आमच्याकडे वर्षभर येत होत्या, चोरून. कुंटेमॅडमना त्या एकदा लॉबीत दिसल्या. या वळून जिन्याने वर गेल्या, आणि विषय संपला. पुढे दिवाळीत जाऊबाईंनीच सगळ्यांना सांगून टाकलं, तेव्हा घरात गहजब झाला. दीर म्हणाले, "वहिनी, तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"मग मला सांगायचं नाहीत? मी नवरा आहे तिचा."

"तेच मी म्हणते. तुम्ही नवरा असून तुम्हाला तिने सांगितलं नाही, मग मी कोण सांगणारी?"

त्या वर्षी भाऊबीज वेगवेगळी झाली.

हे सगळं वाचून त्या फार शिस्तीच्या, कोरड्या बाई वाटतील. होत्याच. पण केंद्राच्या दारातून कुणी घाबरलेलं माणूस आत यायचं आणि फॉर्म भरताना अडखळायचं, तेव्हा मॅडम काउंटरवर येऊन म्हणायच्या, "तुम्ही इथे जे बोलाल ते इथेच राहील. ही माझी जबाबदारी. माझं नाव शुभदा कुंटे." असं नाव सांगून बोलणारं माणूस मी त्याआधी कुठल्याही ऑफिसात पाहिलं नव्हतं. माणूस फॉर्म भरायचं.

दसऱ्याच्या आधी ते घडलं.

सकाळी रिसेप्शनच्या संगणकावर इंग्रजीत एक लाल मजकूर आला. तुमची सगळी माहिती आमच्याकडे आहे, पैसे द्या, नाहीतर बाहेर टाकू. मग आतल्या सर्व्हरवरही तोच. मॅडम आल्या, मजकूर वाचला आणि पहिल्यांदा भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. असा हल्ला लक्षात आल्यापासून सहा तासांत सरकारच्या सायबर यंत्रणेला कळवायचं, असा नियम आहे.

मोठे डॉक्टर, म्हणजे केंद्राचे संस्थापक, धावत खाली आले. "शुभदाताई, आधी नक्की काय झालंय ते तरी बघू. उगाच दिल्लीपर्यंत कशाला?"

"डॉक्टर, ताप आला की पेशंटने आधी कळवायचं की आधी रोग शोधून मग तुमच्याकडे यायचं?"

त्यांनी कळवलं. उत्तरादाखल एक क्रमांक आला. सायबर पोलिसांकडे तक्रार गेली. जो सर्व्हर आधी बाधित झाला होता तो बंद करून त्यांनी त्याला लाल फीत बांधली, गाठीवर कागद चिकटवला, कागदावर सही केली. "हा पुरावा आहे. बाहेरचे तज्ज्ञ येऊन याची प्रत घेईपर्यंत कुणीही हात लावायचा नाही." हे त्या सगळ्यांना म्हणाल्या, पण बघत होत्या मंगेशकडे.

मंगेश आमचा संगणकवाला. कामाला वाघ. कुठलाही रोग असो, त्याचं औषध एक: 'फॉरमॅट मारू.' नेटवर्क मंद? फॉरमॅट. प्रिंटर रुसला? फॉरमॅट. त्याने जुन्या बॅकअपवरून दोन दिवसांत काम परत सुरू केलं, डॉक्टरांनी त्याची पाठ थोपटली आणि सगळ्यांना वाटलं, संपलं. बाहेरचे तज्ज्ञ बोलावण्याच्या खर्चाच्या फाइलवर तेवढी मोठ्या डॉक्टरांची सही व्हायची होती.

मधे खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी सगळे संगणक पुसून, हळदकुंकू लावून, झेंडूची माळ घालून ओळीने मांडतात. शस्त्रंच ती आमची. मॅडम पूजेला म्हणून वर आल्या. आरती झाली, पेढे वाटले, आणि त्यांची नजर ओळीच्या टोकाला गेली. तिथे फीत बांधलेला तो सर्व्हर होता. झेंडू, हळद, कुंकू, सगळं यथासांग. आणि त्याच्या पोटातला हिरवा दिवा लुकलुकत होता.

"मंगेश, हा चालू कसा?"

मंगेशला उत्तर द्यायला अभिमानच वाटला. "मॅडम, काल क्लीन केला. पूर्ण फॉरमॅट. बाटलेलं मशीन पूजेत कसं ठेवायचं? आणि सगळी मांडली नि ते एकटं कोपऱ्यात ठेवलं, तर बरं दिसतं का? तुमची फीत मी अलगद सोडली आणि परत तशीच बांधली. सही पण फाटलेली नाही, बघा."

मॅडमच्या हातात पेढा होता. तो त्यांनी कागदात गुंडाळला.

"मंगेश, आपण खुनाची जागा सारवून वर रांगोळी काढलीत."

एवढंच. मंगेशला ते 'आपण' ऐकू आलं. तो तिथेच खाली बसला.

पोलिसांनी मूळ मशीन मागितलं तेव्हा मॅडम ते फितीसकट घेऊन गेल्या आणि खरं तेच सांगितलं. हल्ला झाला, एवढं दिसत होतं. माहिती बाहेर गेली का, गेली तर किती, हे सांगू शकणारी एकमेव वस्तू आता धुतलेल्या भांड्यासारखी लख्ख होती. मोठ्या डॉक्टरांनी उसासा सोडला. दुःखाचा की सुटकेचा ते मला कळलं नाही. "म्हणजे गेलीच असं नाही," ते म्हणाले.

मग एक निवृत्त मुख्याध्यापक आले. पत्नी गेल्यापासून आमच्याकडे यायचे. त्यांनी मोबाइल मॅडमपुढे धरला. कुणा अनोळखी माणसाने त्यांना त्यांच्याच फाइलचं एक पान पाठवलं होतं, खाली पैशाची मागणी. मॅडमनी मान फिरवली. "तुमचंच आहे ना, एवढं सांगा. मला वाचायला नको."

"माझंच आहे. मी रडतो वगैरे लिहिलंय." मुख्याध्यापक हसले. "मी त्याला उत्तर पाठवलं की बाबा रे, आमच्या सोसायटीच्या वॉचमनलासुद्धा माहिती आहे. पण बाई, मी म्हातारा आहे. मला लाजायला आता वेळ नाही. बाकीच्यांचं काय?"

त्या दिवसापासून मॅडमना तो एकच ध्यास लागला. बाकीच्यांना आपण सांगायचं. चोराने सांगायच्या आधी.

विश्वस्तांची बैठक झाली. मी टिपणं घ्यायला होते. नवे वकील आले होते, महागडे, गोड बोलणारे. त्यांचं म्हणणं सरळ होतं. खासगी माहितीच्या रक्षणाचा नवा कायदा झालाय खरा. पण ज्याची माहिती फुटली त्याला कळवलंच पाहिजे, हे त्यातलं कलम अजून अमलात आलेलं नाही. मानसिक आरोग्याच्या कायद्यात गोपनीयतेचा हक्क आहे, पण फुटल्यावर रुग्णाला कळवा असं त्यात लिहिलेलं नाही. माहिती गेल्याचा पुरावा नाही. एका म्हाताऱ्याचा मोबाइल म्हणजे पुरावा नव्हे. कळवणं म्हणजे कबुली.

"मॅडम, कलम अमलात आल्यावर आपण सगळ्यांत आधी पाळू," ते म्हणाले.

"वकीलसाहेब, पेशंट अमलात आलेत ना?"

मोठे डॉक्टर वाईट माणूस नव्हते, हे मला इथे लिहायलाच हवं. त्यांनी हात जोडले. "शुभदाताई, ही माणसं नाजूक आहेत. काही तर कशीबशी उभी आहेत. त्यांना फोन करून आपण सांगायचं, तुमचं सगळं चव्हाट्यावर येऊ शकतं? डॉक्टर म्हणून मला हे धोक्याचं वाटतं. कदाचित काही होणारही नाही."

"नाजूक आहेत म्हणून तर. तुमच्या तोंडून कळलं तर ती तुमच्याकडे येतील. त्याच्या तोंडून कळलं तर कुठे जातील?"

उत्तर आलं ते दोन दिवसांनी, पत्राने. आजवरच्या सेवेबद्दल आभार. कामाची फेररचना होत असल्याने आपल्याला जबाबदारीतून मुक्त करण्यात येत आहे. संगणकाचे अधिकार शनिवारी संध्याकाळी बंद होतील. मॅडमनी ते पत्र वाचून पालथं ठेवलं.

"शनिवारपर्यंत मी या माहितीची अधिकारी आहे," त्या म्हणाल्या. "कोमल, लँडलाइन इकडे ओढा."

त्यांनी फोन करायला सुरुवात केली. यादी नोंदणीच्या क्रमाने होती, त्याच क्रमाने. एक नाव, एक नंबर, एक फोन. आणि प्रत्येक फोन म्हणजे एक डोंगर. नवऱ्याने उचलला तर त्या केंद्राचं नाव घ्यायच्या नाहीत. खोटंही बोलायच्या नाहीत. "त्यांच्याशीच बोलायचंय, मी परत करते," म्हणून ठेवायच्या. एक बाई कुजबुजली, "मी स्वयंपाकघरात आहे, सासूबाई समोर आहेत," आणि मॅडम म्हणाल्या, "मग फक्त हं हं म्हणा, मी बोलते." एका तरुणाने झापलंच: "असे फोन रोज येतात. आता ओटीपी मागणार ना?"

"काही मागायचं नाही हो. फक्त सांगायचंय. कुणी धमकावलं तर पैसे देऊ नका, एकट्याने सोसू नका, पोलिसांत जा, आणि आमच्याकडे या. चूक आमची आहे, तुमची नाही."

"हां, हां. चूक तुमची. नवीन आयडिया आहे." त्याने फोन ठेवला. मॅडमनी परत लावला. त्याने आमचा नंबर ब्लॉक केला होता. खरं सांगणाऱ्या बाईला लोक ठग समजत होते, आणि खरा ठग कुठेतरी बसून त्याच यादीवरून बोट फिरवत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत यादी थोडीच सरली होती. मला राहवलं नाही. "मॅडम, असं क्रमाने गेलो तर पूर्ण होणार नाही. फाइली उघडून बघू या का? ज्यांना जास्त धोका आहे त्यांना आधी करू. तरुण मुली, लग्न ठरलेल्या, ज्यांच्या घरी माहीत नाही..."

"ते कसं कळणार?"

"वाचून."

"कोमल, आपण मार्केट यार्डाच्या ना?"

मी स्क्रीनवरच्या यादीकडे वळले. थोड्या वेळाने त्या मऊ आवाजात म्हणाल्या, "एकदा वाचायला लागलं की कारण नेहमी चांगलंच असतं हो. नाव आणि नंबर. त्यापुढे माझा हक्क नाही."

शनिवारी मंगेश आला. त्या दसऱ्यापासून तो सुकत चालला होता. त्याच्या मुठीत पेनड्राइव्ह होता. "मॅडम, यादी काढून देतो. घरून करा फोन. कुणाला पत्ता लागणार नाही."

"म्हणजे दुसरी चोरी. पहिल्या चोराचा पत्ता लागत नाहीये. माझा लगेच लागेल, तीन मजले चढून डावीकडे." मग त्याच्या चेहऱ्याकडे बघून म्हणाल्या, "मंगेश, तुम्ही चांगल्या मनाने केलंत, मला माहीत आहे. आता परत चांगल्या मनाने काही करू नका."

संध्याकाळी त्या एक नंबर फिरवत असताना स्क्रीन काळी झाली. अर्धेच आकडे दाबून झाले होते. त्यांनी रिसीव्हर कानाला तसाच धरून ठेवला. आतून ती बाई इंग्रजीत सांगत होती, डायल केलेला क्रमांक तपासून पाहा. मग ठेवला. पुढचे आकडे त्यांना आठवत असतील, मला खात्री आहे. पण ते आता त्यांचे नव्हते.

सोमवारी त्या चाव्या आणि ओळखपत्र जमा करायला आल्या. मी त्यांना चहा सांगितला होता. तेवढ्यात रिसेप्शनवर आवाज चढला.

पन्नाशीचा एक माणूस उभा होता. पांढरा शर्ट, पायात कोल्हापुरी, हातात घडी घातलेले छापील कागद. बाहेर त्याची पिकअप उभी होती. वाघोलीकडचा, म्हणजे मी वाघोली लिहितेय, तुम्ही दुसरं कुठलंही गाव समजा.

"एवढंच सांगा," तो म्हणत होता, "हे तुमच्याकडचं हाय का न्हाई?"

रिसेप्शनवरच्या मुलीला वकिलांनी वाक्य पाठ करून दिलं होतं. "सर, आपण ईमेलवर तक्रार द्या, आमची टीम..."

"मला ईमेल येत न्हाई. माझ्या पोरीची फाइल कुणीतरी माझ्या मोबाइलवर पाठवलीय. पैशे मागतुय. पोरगी दोन दिस खोलीतनं भाईर आली न्हाई. मी दुकानातनं हे छापून आणलं. हाय का तुमचं?"

देशमुख पुढे झाले. "काका, असं खोटं बनवतात हल्ली. आमची सिस्टम एकदम सुरक्षित..."

"आमचंच आहे," कुंटेमॅडम म्हणाल्या.

देशमुखांनी डोळे मोठे केले. मॅडम काउंटरला वळसा घालून बाहेर आल्या आणि त्या माणसासमोर उभ्या राहिल्या. "आमच्याकडून फुटलं. तुमच्या मुलीने आमच्यावर विश्वास ठेवून सांगितलं होतं. माझी जबाबदारी होती. माझं नाव शुभदा कुंटे."

त्या माणसाला भांडायचं होतं. समोर कुणी भांडायलाच तयार नाही म्हटल्यावर त्याचे खांदे उतरले. "कवा फुटलं?"

"दसऱ्याच्या आधी."

"मंग सांगितलं का न्हाई?"

"फोन करत होते. क्रमाने. तुमच्या मुलीपर्यंत पोचले नाही."

त्याने मान हलवली, जणू हे त्याला पटलं. रांगेत नंबर न येणं त्याला नवीन नसावं. मग ते कागद त्याने मॅडमपुढे धरले. "वाचा तुमी. माझ्याबद्दल लिवलंय तिनं ह्यात. मी काय केलं, कवा केलं. मी बाप हाय तिचा. पयली पोरगी आमच्यातली कॉलेजला गेलेली. घरी तोंड उघडत न्हाई, आन् हितं येऊन... वाचा की."

मॅडमनी कागद घेतले आणि न बघता पालथे केले.

"हे मी वाचू शकत नाही. आणि खरं तर तुम्हीही वाचायला नको होतं. हे तिचं आहे."

"ती माझी हाय."

"ती तुमची आहे. हे तिचं आहे."

तो लॉबीतल्या खुर्चीत बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. रडत होता की काय, मला सांगता येणार नाही. मॅडमनी माझ्याकडून एक पाकीट मागून घेतलं, कागद त्यात घातले, चिकटवलं आणि जोडावर सही केली. ती फितीवरची सही मला आठवली.

"कळवायचं तिला आहे," त्या म्हणाल्या. "मला घेऊन जाल?"

देशमुख मागून पुटपुटले, "मॅडम, तुम्ही आता केंद्राच्या कुणी नाही. असं जाणं बरं नाही."

"म्हणून तर जाता येतंय," मॅडम म्हणाल्या.

पुढचं मला फोनवर कळलं, मी फार खोदून विचारल्यावर. मुलीने दार उघडलं नाही. मॅडम दाराबाहेर पाट घेऊन बसल्या आणि लाकडाशी बोलल्या. काय झालं, कुणामुळे झालं, यात तुमची काही चूक नाही. पाकीट फटीतून आत सरकवलं.

"तिने ऐकलं का?" मी विचारलं.

"माहीत नाही. पाकीट आत ओढून घेतलं. एवढं दिसलं."

मग म्हणाल्या, "तुम्ही म्हणत होता ते, वाचून आधी कुणाला फोन करायचा ते. मी रोज विचार करते त्याचा." मी म्हटलं, मॅडम, तुम्ही बरोबर होतात. त्या म्हणाल्या, "बरोबर होते हो. त्याचं काय करायचं ते कळत नाही."

मुलगी केंद्रात परत आली नाही. तिची पुढची तारीख रिकामी गेली, त्याच्या पुढचीही. कॉलेज सुटलं, असं तिचे वडीलच एकदा फोनवर रिसेप्शनला सांगत होते. औषधं टपालाने मिळतील का, विचारत होते. चोर सापडला नाही. लॉबीत आता एक छान फलक आहे: आपली माहिती आमच्याकडे सुरक्षित आहे. कलम अजून अमलात यायचं आहे. मॅडमच्या घरी मी दोनदा गेले, तीन मजले चढून डावीकडे. कुलूप होतं. हल्ली फोनही लागत नाही.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या सोमवारी.

पिकअप निघून गेल्यावर माझ्या लक्षात आलं, त्यांचा शनिवारचा जेवणाचा डबा टेबलावरच राहिला. मी तो उचलून धावले. चौकातल्या सिग्नलला गाड्यांची रांग लागली होती, पिकअप तिसरी-चौथी. मॅडम पुढच्या सीटवर, मांडीवर पर्स, पर्सवर ते पाकीट. शेजारी तो बाप, दोन्ही हात स्टिअरिंगवर. बाजूला बस स्टॉपवर ही गर्दी. मी डबा उंच धरला आणि हात हलवला.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. भाजीवाल्याच्या काट्याकडे बघावं तसं. आणि मान सरळ केली.

क्षणभर मला वाईट वाटलं. मग बस स्टॉपवरची एक बाई माझ्या छातीकडे बघून, तिथून पिकअपकडे, मग त्या माणसाच्या तोंडाकडे बघतेय, असं मला दिसलं. मी हात खाली घेतला. गळ्यातलं ओळखपत्र पालथं केलं, आणि सिग्नल सुटेपर्यंत दुसरीकडे बघत उभी राहिले.